मंगळाची वाट आणि सुतळीचा अर्ज

विषय : मंगळाची वाट आखण्याचे काम मिळण्याबाबत सुतळीचा अर्ज.

फार पूर्वी, अवजारं बोलत असत तेव्हा, एका राजाच्या वेधशाळेत ग्रहांच्या वाटा आखायचं काम वंशपरंपरेने कंपासरावांकडे होतं. आकाशात फक्त गोल चालतो, असा तिथला दंडक. मंगळ मात्र आखलेल्या जागी सापडत नसे. मग कंपासराव गोलावर आणखी एक छोटा गोल काढून देत आणि पान खात बसत.

गठ्ठे बांधणाऱ्या सुतळीला राहवेना. तिने दोन खुंट्या ठोकून घेतल्या, त्यांच्याभोवती सैल वेढा दिला आणि बोरूला म्हणाली, "मला आतून ताणून धर आणि फीर, बाबा." लांबट गोल उमटला. एका खुंटीच्या जागी सूर्य मानला, तर मंगळ नेमका त्या रेघेवर!

अर्ज तपासणारेही कंपासरावच. ते कडाडले, "हे तर अंडं! आकाशात कोंबड्या पाळल्यात काय? आणि इथे बोरूला तू धरलंस, वर मंगळाला कोण धरतं? सांग, नाहीतर जन्मभर गठ्ठे बांध!"

सुतळीचा पीळच ढिला झाला. कोपऱ्यात लटकलेला ओळंबा हळूच म्हणाला, "मला जे खाली ओढतं ना, तेच असेल गं. पण मीही त्याला पाहिलेलं नाही."

कंपासरावांनी शेरा मारला : 'ओढणाऱ्याने समक्ष हजर राहावे.' तसं पत्र रवाना झालं. उत्तर आलेलं नाही. मंगळ सुतळीच्या रेघेवरून फिरतो आहे. अर्ज प्रलंबित आहे.