दोन पुड्यांचं भांडण

“खल चालवणारी बाई आता आम्हाला वैद्यकी शिकवणार का, महाराज?” राजवैद्य नरहरशास्त्री भर दरबारात कडाडले.

हौसाक्का मान ताठ ठेवून उभी होती. वीस वर्षं ती वेळूगडच्या औषधशाळेत औषधं कुटत आली. कुटायचं, पुड्या बांधायच्या, तोंड उघडायचं नाही, असा नेम. पण दोन महिने राजाचं पोट काही केल्या बरं होईना. तेव्हा न राहवून ती राजाच्या हुजऱ्याला म्हणाली, “महाराजांना सांग, सकाळची पुडी आणि संध्याकाळची पुडी पोटात भांडतायत.”

सकाळची पुडी शास्त्रीबुवांची. संध्याकाळची राणीसाहेबांच्या माहेरच्या बाळंभट वैद्यांची. दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत, मग औषध कशाला बघतील? दोन्ही कुटायला येत मात्र हौसाक्काच्याच खलात.

राजा उदेराज हट्टी. “एवढं कळतं तर कर मला बरं! नाडीला हात लावायचा नाही, नवं औषध द्यायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. जमलं नाही तर उद्यापासून खल दुसरीच्या हाती.”

शास्त्रीबुवा मिशीत हसले. बाळंभटही हसले. दोघांचं एकमत झालं ते तेवढंच.

हौसाक्कानं कमरेच्या पिशवीतून दोन पुड्या काढल्या. बाळंभटांची शास्त्रीबुवांच्या हातावर ठेवली, शास्त्रीबुवांची बाळंभटांच्या. आणि चाखा म्हणून खूण केली.

शास्त्रीबुवांनी चिमूट जिभेवर ठेवली. “बेलफळ आणि डाळिंबाची साल? महाराजांचा कोठा आधीच जड, त्याला हे बांधून टाकणार! कुणा गाढवानं दिलं?”

बाळंभट थुंकले. “ही सोनामुखी! महाराजांना जुलाब होतात, त्यात आणखी जुलाबाचं औषध? देणारा वैद्य की वैरी?”

राजा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

“म्हणजे हे सकाळी दार उघडतात,” तो सावकाश म्हणाला, “आणि हे संध्याकाळी कडी लावतात. आणि दार म्हणजे माझं पोट!”

दोन्ही पुड्या त्याच दिवशी बंद झाल्या. चौथ्या दिवशी राजा दोन भाकरी खाऊन सुखानं दरबारात बसला. हौसाक्का समोर उभी राहिली, तोंड तसंच मिटलेलं.

“अगं, आता तरी बोल! काय हवंय तुला?”

“बोलायची मोकळीक, महाराज. कुणाचंही औषध असो, कोण काय घेतंय हे मी विचारणार. घोळ दिसला तर वैद्यांना तोंडावर सांगणार. खोकल्या-पडशाला माणसानं वैद्यांच्या घरापर्यंत चार कोस तंगडतोड का करावी? ते मीच देईन. मला कळणार नाही ते वैद्यांकडे धाडीन.”

“आणि तुला कळत नाही, हे तुला कसं कळणार?” शास्त्रीबुवा फिस्कारले.

“तेवढंच तर मला तुमच्याहून जास्त कळतं, बुवा.”

राजा पोट धरून हसला, आणि या खेपेला ते दुखलं नाही. हौसाक्काला पितळी खल मिळाला, आणि दरबारात बसायला चौरंग. तो मांडला दोन वैद्यांच्या बरोबर मधे.