पिंपळाची मुळं

झाडं माणसांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. बोन्साय करणाऱ्या वत्सलाबाई एका रोपवाटिकेत रोप घ्यायला आल्या. पुढच्या रांगेतला तकतकीत पानांचा पिंपळ म्हणाला, "बाई, मला न्या. माझ्याइतकं देखणं रोप इथे दुसरं नाही."

बाई त्याच्या बुंध्याजवळची माती बोटाने उकरू लागल्या. पिंपळ घाबरला. "माती कशाला उकरता? पानं बघा ना!"

पण मुळं दिसलीच. कुंडीत गोल गोल फिरून ती एकमेकांना आवळत होती.

शेजारच्या उंबराचा शेंडा शेळीने खाल्ला होता, पण त्याचा बुंधा जाड होता आणि मुळं चहूकडे मोकळी पसरली होती. बाईंनी तोच उचलला.

"आता सगळ्यांना कळलं," पिंपळ पुटपुटला.

"बरं झालं. नाहीतर वर्षभरात वाळला असतास," बाई म्हणाल्या. त्यांनी माळ्याकडून कात्री घेऊन गुंता कापला आणि पिंपळाला जमिनीत लावायला सांगितलं.

आठवडाभर पिंपळ मान खाली घालून उभा होता. मग एका सकाळी तो पहिल्यांदाच पोटभर पाणी प्याला. जवळच्या कुंडीतल्या चिंचेला त्याने हळूच विचारलं, "तुझं कुठे आवळतंय का गं? सांग, लाजू नकोस."