शंभर टक्के

"पण उस्ताद, बॅटरी बदलली म्हणून ब्रेक कसे काय बिघडतील?"

घाटमाथ्यावरच्या चार्जिंग स्टेशनात हे विचारणारा निनाद सबनीस इंजिनियर होता, आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. विजेवर चालणाऱ्या आपल्या स्पोर्ट्स कारला त्याने महिन्यापूर्वी दुप्पट मोठी बॅटरी बसवली होती. रविवारी घाट उतरण्याची शर्यत. आणि काल पाचव्या वळणावर गाडी कठड्यापासून वीतभर अंतरावर जेमतेम थांबली होती. कारण सापडलं नाही तर शर्यतीतून नाव मागे घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

हुसेनभाई बागवानांची चाळीस वर्षं घाटातल्या ट्रकांचे ब्रेक दुरुस्त करण्यात गेली होती. त्यांनी वाकून चाकाचा वास घेतला.

"काल निघताना…"

"पॅड नवे आहेत, उस्ताद. डिस्कसुद्धा. वाढलेलं वजन धरून सगळं गणित केलंय मी."

हुसेनभाई थांबले.

"बॅटरी किती…"

"शंभर टक्के! रोज इथंच काठोकाठ भरतो नि मगच उतरतो. जुनी होती तेव्हा खालून भरून यायचो, वर पोचेपर्यंत निम्मी संपायची."

उस्तादांनी पुन्हा तोंड उघडलं. निनादने मोबाइलवर आलेख काढला. आणखी एकदा उघडलं, तेव्हा तो ब्रेक ऑइल किती तापमानाला उकळतं ते सांगत होता.

…

म्हातारा सरळ गाडीत जाऊन बसला.

"चल."

"खाली?"

"वर. किल्ल्यापर्यंत."

"अहो, अडचण उतरताना येते!"

म्हाताऱ्याने सीटबेल्ट लावला. नऊ किलोमीटरची खडी चढण. हुसेनभाईंनी त्यात एसीही पुरता सोडला. थंडीने दात वाजायला लागले तसा निनादला म्हाताऱ्याचा चांगलाच राग आला.

किल्ल्याच्या दरवाजाशी त्यांनी हाताने खूण केली. आता खाली.

पहिल्या वळणावर निनादने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, आणि कुणी मागून सदरा धरून ओढावं तशी गाडी मंदावली. महिनाभर मेल्यासारखी पडलेली पडद्यावरची हिरवी पट्टी हलू लागली. उताराचा वेग वीज होऊन बॅटरीत परत जात होता. स्टेशन मागे टाकून घाटातल्या त्याच पाचव्या वळणावर आले, तर ब्रेकला नुसता पाय लावावा लागला.

निनादने गाडी कडेला घेतली. चढणीने आणि एसीने आज बॅटरीत जागा केली होती; एरवी काठोकाठ भरलेल्या बॅटरीत ती वीज मावणार कुठे? म्हणून विजेची मोटार गाडीचा वेग रोखेनाशी झाली होती आणि सगळा भार बिचाऱ्या पॅडवर पडला होता. हे तो कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकला होता. त्याचे कान लाजेने तापले.



"उस्ताद, हे मला स्टेशनातच का नाही सांगितलंत?"

हुसेनभाईंनी एसी बंद केला.

"चार वेळा तोंड उघडलं होतं की, लेका."