हद्दपार दर्जी

उत्तरेतल्या एका हिंदी बोलणाऱ्या मुलखाचा राजा भलता हट्टी. त्याने दवंडी पिटवली, "ज्याचं किंवा ज्याच्या धंद्याचं नाव परक्या भाषेतलं, त्याने माझं राज्य सोडावं!"

पहिली गदा आली म्हाताऱ्या मटरू दर्जीवर. राजघराण्याचे कपडे शिवण्यात त्याचा जन्म गेला होता. पण भर दरबारात राजपंडितांनी निकाल दिला, "'दर्जी' हा शब्द फारसी आहे, इराणातून आलेला. सबब, हद्दपार!"

मटरूने हात जोडले. "जातो, महाराज. पण एकटा कशाला? माझा एक गाववाला इथं आहे, त्यालाही नेतो."

"खुशाल ने," राजा म्हणाला.

मटरू सरळ सिंहासनाशी गेला, खाली बसला आणि त्याने राजाचा पाजामा दोन्ही हातांनी धरला. भालदाराच्या हातची काठी गळून पडली.

"अरे, अरे, हे काय!" राजा किंचाळला.

"पंडितजींनाच विचारा, महाराज. 'पाजामा' हा शब्दही इराणातूनच आलाय."

पंडितांनी मान खाली घालून हळूच होकार दिला.

"भिऊ नका," मटरू म्हणाला. "नाडा इथलाच आहे. तो तुम्हांला ठेवून जातो."