नवव्या महालातली ऊब

एका राज्यात वारे राजाच्या चाकरीला होते. हिवाळ्यात ऊनवारा, उन्हाळ्यात गारवारा. राजा उदयकर्णाच्या प्रासादात ओळीने नऊ महाल. पहिल्या महालाखालच्या तळघरात वारे राहत आणि भिंतींतल्या खापरी नळांतून महालोमहाल फिरत. पण भर माघात राजा पहिल्या महालात उघड्या अंगाने बसे, तेव्हा नवव्यात घागरीतलं पाणी गोठे. वैशाखात राजा शाल पांघरे, तेव्हा नवव्यात मेणबत्त्या वितळत.

एका माघात धूम्राक्ष नावाचा मांत्रिक पाहुणा आला आणि त्याला नवव्या महालात उतरवलं गेलं. तीन दिवस तो काकडला. चौथ्या दिवशी दरबारात येऊन म्हणाला,

"राजा, आता तिथे तुझी कन्या राहील. पहिल्या महालातली ऊब नवव्यात पोचेल, तेव्हाच दार उघडेल."

राजाशेजारी बसलेली राजकन्या हेमकला दिसेनाशी झाली. नवव्या महालाचं दार मिटलं. त्याखालच्या फटीतून जेवणाचं ताट तेवढं सरके.

राजाने ऊनवाऱ्याला दुप्पट जोराने फुंकायला लावलं. पहिल्या महालातले पडदे पेटले. नवव्यात हेमकलेचे दात वाजतच राहिले.

तेव्हा चंद्रावळ कुंभारीण आली. ते नळ तिच्या पणजोबाने भाजलेले होते. तिच्या खांद्यावर एक नाचण पक्षीण बसे; तिला वाऱ्यांची भाषा येई.

"काम जमेल?" राजाने विचारलं.

"बघते, महाराज. आधी भिंती ऐकू द्या."

भिंतीला कान लावत ती निघाली. तिसऱ्या महालात तिला सुसकारे ऐकू आले. नाचण म्हणाली, "नळ फुटलाय. निम्मा वारा इथेच भिंतीत मुरतो." चंद्रावळने भिंत उकरली, चिकणमाती मळली, भेग लिंपली. ऊब पाचव्या महालापर्यंत गेली.

मग ती राजापुढे उभी राहिली.

"महाराज, आपल्या महालात वाऱ्याला चार तोंडं आहेत. तीन बंद करावीत. ती आपल्याच हाताने मिटतात."

"आणि मी कुडकुडू?"

"अंगरखा घालावा, महाराज."

राजाने तिच्याकडे पाहिलं, मग लेकीच्या रिकाम्या आसनाकडे. उठला आणि एकामागून एक तीन झडपा लावल्या. ऊब आठव्या महालात शिरली आणि तिथेच थबकली.

चंद्रावळने नवव्याचं दार ठोठावलं.

"राजकन्ये, काही लागतंय का?"

"उंबऱ्याशी ऊब येते, आत येत नाही," हेमकलेचा आवाज क्षीण झाला होता. "माझी बोटं आता मिटत नाहीत गं."

नाचणीने वाऱ्याला जाब विचारला. वारा म्हणाला, "आत शिळी हवा ठासून भरलीय. तिला बाहेर पडायला वाट नाही. मी शिरू कुठे?"

वाट होती, पण नवव्या महालामागच्या भुयारात. राजाच्या आज्याने तिथे खजिन्याची पेटी ठेवली होती आणि वाऱ्याचं भोक तिच्यामागे बुजलं होतं. पेटीवर नाग होता. पेटीला हात लावणारा दगड होई. दोन चोर तसे उभेच होते. चंद्रावळ पुढे गेली.

"हिरे हवेत की मोती?" नाग फुत्कारला.

"भोक हवंय."

"काय?"

"पेटीमागचं भोक. पेटी तुमचीच राहू द्या, नागोबा. फक्त हातभर सरका."

नागाने फणा वाकडा करून मागे पाहिलं. "इतक्या वर्षांत हे कुणी मागितलं नाही," तो पुटपुटला आणि शेपटीने त्याने स्वतःच पेटी बाजूला ढकलली. गोठलेली हवा हुंकारत बाहेर पडली. खजिन्यावरची मोहिनी तिच्याबरोबर उडाली. दोन्ही चोर शिंकले आणि पळत सुटले.

नवव्यात ऊब शिरली. चंद्रावळ दाराशी पोचते तोच दार उघडलं. हेमकला बाहेर आली, तिने चंद्रावळचे मातीने भरलेले हात घट्ट धरले. बोटं मिटली होती. मग ती अनवाणी धावत सुटली, नवव्यातून आठव्यात, आठव्यातून सातव्यात, थेट बापाच्या मिठीत. साऱ्या वाटेवर फरशी एकसारखी उबदार होती.

त्या नऊ महालांना लाभलं ते सुख ऐकणाऱ्यांच्या घरी शेवटच्या खोलीपर्यंत पोचो.