शिंदीवरची गाठ

धान्य पायलीनं मोजलं जायचं, त्या काळची गोष्ट. विहिरीवर वाकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. त्यांच्यात घरटं नर विणतो आणि मादी पारखून घेते. तिला पसंत पडलं नाही, तर ते अर्धवट लोंबत राहतं.

पिवळोबांनी आपल्या तरण्या मुलासाठी, टिपऱ्यासाठी, बाभळीवर पहिली गाठ स्वतःच मारून ठेवली.

"बाबा, मला ओढ्याकाठची शिंदी आवडते."

"शिंदी? वाऱ्यावर नाचते ती! आजा-पणजानं इथंच विणलं."

टिपऱ्या मुकाट विणू लागला, पण मन शिंदीवर होतं. एक मादी आली, तिनं धागा ओढून पाहिला आणि भुर्रकन उडून गेली. हंगाम सरत आला होता. आता दुसरं घरटं फसलं, तर पोर यंदा एकटाच राहणार होता.

आई म्हणाली, "अहो, गिऱ्हाइकाला न विचारता माल भरलात, आता खपत नाही म्हणून कुढू नका."

सकाळी पिवळोबा म्हणाले, "चल, दाखव तुझी शिंदी." टिपऱ्यानं तिथं डुलत्या झावळीवर पहिली गाठ मारली. झावळीला घट्ट धरून पिवळोबांनी ती चोचीनं ओढली. ती सुटली.

"आता म्हणाल, बाभळच बरी."

"नाही म्हणणार. झाड तुझं. पण इथं वारा फार, गाठीला आणखी वेढे घाल. ओढून मी बघतो."

टिपऱ्याचं घरटं पसंत पडलं, आत पिल्लंही झाली. पिवळोबा मात्र अजून येता-जाता गाठ ओढून बघतात.

"घट्ट आहे हो, मामंजी!" आतून सूनबाई हसते.