चुंबळ आणि रिकामा पाट

एका राज्यात राजा होता, राजकन्या होती, आणि पंगतीत नेमका एक पाट कमी होता. तिथेच माशी शिंकली. राजकन्या कनकलेखेच्या वाढदिवसाला मांत्रिक कुटिलांग जेवायला आला, तर त्याला बसायला जागा नाही! तो कडाडला, "मला जागा नाही? मग तुमच्या अंकांनाही जागा उरणार नाही. आणि ही होईल साळुंकी!"

तसेच झाले. लोकांना अंक दिसत, पण कोणता अंक कुठल्या घरातला, एककाच्या की दशकाच्या, ते उमजेना. बारा पाहुण्यांची चिठ्ठी आली, की एक नि दोन मिळून तीनच पाने वाढली जात. नऊ जण उपाशी आणि यजमान तोंडघशी. राजा मात्र रोज लेकीचा पाट आपल्या शेजारी मांडी. लोक म्हणत, "उचला तो." राजा ऐकत नसे.

शापाला उःशाप होता. काळ्या डोंगरात एकामागे एक तीन दारे होती. दारावर अंक कोरलेले, प्रत्येक अंकाखाली कोनाडा. कोनाड्यांत बरोबर मांडणी झाली, तर दार उघडे. चुकली, तर साळुंकीचा एक शब्द गळे. पंडित गेले, तेवीसच्या दाराला पाच खडे वाहून आले. असे करता करता साळुंकीपाशी एकच शब्द उरला, "बाबा". तो गेला, की ती कायमची पाखरू होणार होती.

तेव्हा उमाई सुतारीण दरबारात आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लाकडी ठोकळ्यांची टोपली. त्यांवर ती नातवंडांना मोजणी शिकवी. सुटा ठोकळा म्हणजे एक, दहा ठोकळे चिकटले की दांडा, दहा दांडे चिकटले की फळी. सुटे उजवीकडे, दांडे मध्ये, फळ्या डावीकडे. शाप अंकांना होता, लाकडाला नव्हता. मांत्रिकांचे सुतारकामाकडे लक्ष असते कुठे!

"महाराज, मी जाते."

"उमाई, एकच शब्द उरला आहे."

"म्हणूनच जाते."

राजा साळुंकीचा पिंजरा घेऊन सोबत निघाला. पहिल्या दारावर तेवीस होते. उमाईने डावीकडे दोन दांडे ठेवले, उजवीकडे तीन सुटे. दार उघडले.

दुसऱ्यावर चौदा. उजव्या कोनाड्यात मांत्रिकाने आधीच चौदा सुटे ठोकळे कोंबून ठेवलेले, आणि भिंत चरचरत होती. "दहा झाले की घर बदलायचे, बाळांनो," असे ठोकळ्यांना म्हणत उमाईने त्यातले दहा राळेने चिकटवले आणि तो दांडा डावीकडे सरकवला. दार उघडले.

तिसऱ्यावर तीनशे पाच, आणि दाराशी खुद्द कुटिलांग. उमाईने डावीकडे तीन फळ्या ठेवल्या, उजवीकडे पाच सुटे. मधला कोनाडा रिकामा राहिला.

"तिथे कोणीच नाही," मांत्रिक गोड आवाजात म्हणाला. "बुजव तो. पाच सरकव फळ्यांशेजारी."

उमाईचा हात पुढे झाला. तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला, "बाबा!" उमाईला राजाशेजारचा तो पाट आठवला.

"कोणी नसले, म्हणून जागा मोडायची नसते," ती म्हणाली. तिने डोक्यावरची चुंबळ काढली आणि ती शून्यासारखी गोल, पोकळ चुंबळ मधल्या कोनाड्यात ठेवली.

दार उघडले. पिंजरा फुटला आणि कनकलेखा बापाच्या गळ्यात पडली. राजा ढसाढसा रडला, मग हसला, मग मांत्रिकापुढे हात जोडून म्हणाला, "तुम्हाला पाट नव्हता, ही चूक आमची. जेवायला चला."

कुटिलांगाला इतकी वर्षे कोणी बोलावलेच नव्हते. तो निमूट निघाला.

दुपारी पंगत बसली. बारा पाहुण्यांना बाराच पाने वाढली गेली. मांत्रिकाने एक दांडा आणि दोन सुटे लाडू खाल्ले आणि पुन्हा मागितले. राजाशेजारी तोच जुना पाट होता, आणि त्यावर कनकलेखा जेवत होती.

तीन घरांची ही कहाणी, भरल्या पाटावर संपूर्ण.